उत्तरेकडच्या काउंट्या त्याच्या

घडी नसलेला नकाशा आम्ही घेत नसू. हा नियम माझ्या मित्राचा. मी एखादा सपाट, स्वच्छ ताव उचलला की तो माझ्या हातातून काढून घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, मधोमध बोट फिरवून बघायचा आणि परत खोक्यात ठेवायचा. "हा अ‍ॅटलासमधून फाडलेला आहे. आपला नाही."

आपले नकाशे म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमध्ये व्यापाऱ्यांच्या डिरेक्टऱ्या निघत, त्यांच्याबरोबर येणारे. एकेका काउंटीची, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या भागाची, एक जाडजूड डिरेक्टरी. तिच्यात गावोगावचे लोहार, खाटीक, बेकरीवाले, टोप्या करणारे, खाणावळी चालवणारे, सगळ्यांची नावं. आणि पुस्तकाच्या पोटात दुमडून चिकटवलेला त्या काउंटीचा नकाशा. फिरतीवरच्या विक्रेत्यानं तो उलगडायचा, गाव शोधायचं, पुन्हा दुमडून ठेवायचा. त्यामुळे अस्सल नकाशाला घड्या असतातच. उभी घडी आडवीला जिथं छेदते तिथं कागद झिजून बहुतेक वेळा एक भोक पडलेलं असतं. त्या भोकात कुठलं तरी एखादं गाव गेलेलं असतं. तो आधी ते भोक शोधायचा आणि मग दुसऱ्या कुठल्या तरी नकाशावरून त्या गावाचं नाव.

आम्ही दोघं जर्मनीत कार्ल्सरूहेला पीएच.डी. करत होतो. तो साताऱ्याचा, मी पुण्याचा. विभाग वेगळे, पण घर एक. विद्यापीठापासून ट्रामच्या अंतरावर दोन खोल्यांची वेगे, म्हणजे भागीदारीतलं बिऱ्हाड, स्वयंपाकघर सामायिक. पहिल्या हिवाळ्यात एका शनिवारी भाजी आणायला निघालो होतो. बारीक गारा सुरू झाल्या म्हणून समोरच्या दारात शिरलो, तर ते जुन्या पुस्तकांचं दुकान निघालं. मालकीणबाई सत्तरीच्या, जाड स्वेटरवर शाल घेतलेल्या. काही न घेता उभं राहणं बरं दिसेना म्हणून आम्ही पुस्तकं चाळायला लागलो, पण सगळी जुन्या काटेरी जर्मन लिपीतली. आमचं जर्मन तेव्हा घरमालक आणि रेल्वे यांच्यापुरतंच होतं. त्या लिपीत तर एक अक्षर लागेना. शेवटी कोपऱ्यात जमिनीवर एक पुठ्ठ्याचं खोकं सापडलं. वर लिहिलेलं, 'आउसलांड'. परदेश. आत इंग्लंडचे नकाशे. त्या अख्ख्या दुकानात आम्हाला वाचता येईल असं तेवढंच होतं.

बाई म्हणाल्या, कोण्या इंग्रजीच्या मास्तरांच्या घरचं सामान घेतलं त्यात आले. इथं कोण विचारतंय त्यांना?

आम्ही विचारायला लागलो. पुढं त्या आमच्यासाठी बाजूला काढून ठेवायच्या. "आल्झो," म्हणजे 'तर मग', म्हणत टेबलाखालून पाकीट काढायच्या आणि आम्ही उलगडेपर्यंत चष्मा पुसत बसायच्या. फ्लोमार्क्टला, म्हणजे रविवारच्या जुन्या बाजारात, चिनीमातीच्या कपबशा आणि सुटे नळ यांच्या गर्दीतही कधी कधी एखादा सापडायचा. लवकरच घरात इतके झाले की वाटणी करावी लागली. इंग्लंडची उत्तर त्याची, दक्षिण माझी. मधल्या डर्बीशायरवरून पंधरा दिवस भांडण चाललं. अखेर ज्याची भांडी घासायची पाळी आठवडाभर चुकणार नाही त्याला डर्बी, असं ठरलं. डर्बी त्याला गेलं.

तिथल्या मराठी मंडळींच्या दिवाळीच्या कार्यक्रमात आमच्या या नादाची बातमी फुटली तेव्हा एका सॉफ्टवेअरवाल्या काकांनी चकली मोडत आम्हाला झापलं. "इंग्रजांचे नकाशे कसले जमवता? गडकिल्ल्यांचे जमवा की."

"काका, गडांवर राजे असतात," तो म्हणाला. "यात कुणीच राजा नाही. सगळे दुकानदार आहेत."

काकांना ते पटलं नाही. मला तेव्हा तो त्यांना टोलवतोय असं वाटलं होतं. पण त्याला खरंच तसं वाटायचं. पुढं त्यानं नॉर्थम्बरलंडची एक अख्खी डिरेक्टरी मिळवली, कणा तुटलेली, पण नकाशा शाबूत. असली पुस्तकं सहसा उरत नाहीत. विकणारे नकाशा कापून घेतात, तेवढाच खपतो. बाकीचं पुस्तक रद्दीत. ती डिरेक्टरी तो जेवताना समोर ठेवून वाचायचा. या खेड्यात तीन लोहार आणि एकही शिंपी नाही, मग कपडे कोण शिवायचं? हा माणूस पोस्टही सांभाळतो आणि चीजही विकतो. मी वरणात भात कालवत ऐकायचो.

तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात तो दमायला लागला. आमचं बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तो मधल्या मजल्यावर थांबायचा आणि शेजाऱ्यांच्या सायकलीकडे बघत उभा असल्यासारखं दाखवायचा. आम्ही म्हटलं, ऊन नाही, व्हिटॅमिन डी कमी असेल. इथं येणाऱ्या प्रत्येकाला हिवाळ्यात सगळे हेच सांगतात. मग त्याच्या नडगीवर निळे डाग दिसले. कुठं आपटलास विचारलं तर त्याला आठवेना. दात घासताना बेसिन लाल व्हायला लागलं तेव्हा मी त्याला हाउसआर्ट्झकडे, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, ढकललं. त्यांनी रक्त घेतलं. दुपारी त्यांचाच फोन आला. सामान घ्या आणि सरळ हॉस्पिटलात जा, ट्रामनं नको, टॅक्सीनं.

रक्ताचा कॅन्सर होता.

हॉस्पिटल शेजारच्या शहरात. पहिल्या केमोनं रक्त साफ झालं, पण डॉक्टर म्हणाले की याच्यावर विसंबता येणार नाही, बोन मॅरो बदलावा लागेल. त्यासाठी जुळणारा दाता हवा. दात्यांच्या नोंदी जगभरच्या, पण आपल्याकडच्या लोकांची नावं त्यांत फार थोडी. त्याच्याशी पूर्ण जुळणारं कुणीच निघालं नाही. तेव्हा अर्धं जुळणारं माणूसही चालतं, आणि आईचं मुलाशी अर्धं जुळतंच, असं त्यांनी समजावलं. त्याचे वडील तो कॉलेजात असतानाच गेले होते. भावंड नाही. राहता राहिली आई.

काकूंना आणायला मी फ्रँकफर्टच्या विमानतळावर गेलो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात जन्म घालवून नुकत्याच निवृत्त झालेल्या, बुटक्या, सडसडीत. साडीवर त्याचंच जुनं जॅकेट घातलेलं. मी वाकायच्या आतच त्यांनी माझा दंड धरला. "आधी सांग, जेवतोय का तो?"

"थोडं थोडं जेवतो, काकू."

"बरं. चल."

वाटेत गाडीत त्यांनी एवढंच विचारलं की माझ्यातलं जे काढायचंय ते जास्तीचं काढता येईल का. मी म्हटलं, लागेल तेवढं काढतात. "माझी हरकत नाही म्हणून सांग त्यांना," त्या म्हणाल्या.

त्यांच्या दोन्ही हातांच्या शिरांत सुया घालून त्यांना मशीनला जोडलं. मशीन रक्त फिरवून त्यातल्या हव्या त्या पेशी काढून घेत होतं. काकू तासन्‌तास हात न हलवता पडून होत्या. नाक खाजलं तर मला सांगायच्या, मी खाजवून द्यायचो. नर्सनं विचारलं, काही त्रास होतोय का? मी भाषांतर केलं. काकू म्हणाल्या, "तिला म्हण, बाळंतपणात याच्यापेक्षा जास्त झाला होता." नर्स हसली आणि त्यांच्या पायावर आणखी एक ब्लँकेट घातलं.

ज्या खोलीत त्याला ठेवलं तिला दोन दारं होती. पहिल्या दाराआड हात धुवायचे, झगा घालायचा, मास्क लावायचा, मगच दुसरं दार. त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती औषधांनी पार मारून टाकली होती आणि आईची अजून रुजायची होती. मधल्या दिवसांत साधी बुरशीसुद्धा त्याला मारू शकली असती. म्हणून फुलं नाहीत, कुंडी नाही, सालीसकट खायची फळं नाहीत. आणि जुना कागद नाही. वॉर्डच्या नर्सनं माझ्या पिशवीतून डोकावणारी गुंडाळी बघूनच मान हलवली. "शिमेल," ती म्हणाली. बुरशी. जुन्या कागदात ती असतेच, दिसत नाही. नवीन छापलेलं मासिक चालेल, तेही पुसून.

काकूंनी कुलदेवाच्या देवळातला अंगारा कागदाच्या पुडीत आणला होता. तोही चालला नाही. त्यांनी पुडी माझ्याकडे दिली. नकाशे आणि अंगारा दोन्ही माझ्या पिशवीत राहिले.

नकाशांचे मी फोटो काढून नेऊ लागलो. तो ते टॅबलेटवर बघायचा, बोटांनी मोठं करायचा. पण त्यात त्याचा जीव रमेना. "सगळ्या घड्या सपाट दिसतात," तो म्हणायचा. रोज पहाटे त्याचं रक्त काढायला येत. एकदा मला म्हणाला, "डिरेक्टरीत जळवा विकणारे होते बघ. आता इथं चारचारजणी पगारावर आहेत."

त्याच्या तोंडात फोड आले, पाणी गिळवेना, केस गेले. मग आईच्या पेशी रुजल्या. रक्ताचे आकडे वर आले. काकूंनी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना, त्या रांगेत उभ्या असताना, वाकून नमस्कार केला. त्या बाई इतक्या गोंधळल्या की त्यांनीही अर्धवट वाकून परत नमस्कार केला.

वसंतात तो घरी आला. मी माझी खोली काकूंना दिली आणि स्वयंपाकघरात गादी टाकली. नकाशांची सगळी खोकी आधीच माझ्या लॅबच्या कपाटात हलवली होती. घरात बुरशी राहू नये म्हणून काकू भिंतीचे कोपरे, खिडक्यांच्या फटी, अंघोळीच्या फरशा रोज पुसायच्या. त्यांचा व्हिसा वाढवायला मी परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीत गेलो, तेव्हा तिथल्या माणसानं कारण वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढचं काही न विचारता शिक्का मारला. त्या दोन महिन्यांत आम्ही सुखात होतो, असंच म्हणावं लागेल. तो मास्क लावून राजवाड्याच्या बागेपर्यंत चालत जायचा. काकूंना बाकावर बसवायचा आणि शहराचे रस्ते राजवाड्यापासून पंख्याच्या काड्यांसारखे कसे फुटलेत ते हातानं दाखवायचा. त्या म्हणायच्या, "हे सगळं बघायला आपण परत येऊ. आता बस जरा."

मग एका तपासणीत रोग परत दिसला.

त्यानंतरचं फार लवकर झालं. पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा तीच दोन दारं. नवीन औषध दिलं, ते लागू पडलं नाही. काकू सारख्या म्हणायच्या, माझं रक्त म्हातारं होतं, तेच कमी पडलं. मी डॉक्टरीणबाईंना विचारून त्यांना समजावलं की तसं नसतं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं नाही.

एका दुपारी मी त्याच्याजवळ बसलो होतो. काकू खाली डबा गरम करायला गेल्या होत्या. तो डोळे मिटून पडला होता. तसाच म्हणाला, "उद्या येताना नॉर्थम्बरलंड घेऊन ये. डिरेक्टरीसकट."

"फोटो आणतो."

"फोटो नको. खरा आण."

"अरे, पण चालणार नाही ना."

"आता चालेल," तो म्हणाला.

त्यानं डोळे उघडले. "सकाळी डॉक्टर येऊन गेल्या. बसून सगळं नीट बोलल्या. आता काय हवं ते आणा म्हणाल्या, फुलं, कुत्रं, काहीही." मग म्हणाला, "आईला तू सांग. मला नाही जमणार."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? पण त्या दिवशी माझ्यानं सांगवलं नाही. दुसऱ्या दिवशी डिरेक्टरी पिशवीत घालून गेलो. काकू मला वॉर्डच्या दारातच भेटल्या. त्यांच्या हातात एक लहानशी कुंडी होती, जांभळ्या फुलांची, खालच्या दुकानातून आणलेली. चेहरा उजळलेला.

"अरे, कळलं का? नर्सनं सांगितलं, फूल चालेल म्हणून! मास्कसुद्धा नको म्हणाली. म्हणजे सुधारतोय रे तो. अंगारा आणलास का?"

अंगारा माझ्या पिशवीतच होता. मी त्यांना घेऊन वॉर्डबाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. समोर कॉफीचं मशीन होतं आणि एक म्हातारा त्यात नाणी घालत होता. ती पुन्हापुन्हा खाली पडत होती. तो जाईपर्यंत मी थांबलो. मग सांगितलं. मराठीत सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. डॉक्टरीणबाईंनी वापरलेला शब्द होता 'पालिआटिव्ह', त्याला मराठीत काय म्हणतात ते मला आजही नीट माहीत नाही. मी म्हटलं, "काकू, औषध लागू पडत नाहीये. आता ते फक्त दुखू देणार नाहीत. म्हणून सगळं चालेल म्हणतायत."

काकूंनी कुंडी मांडीवर घट्ट धरली होती. तिचं एक पिवळं पान त्यांनी खुडलं आणि मुठीत धरलं.

"त्याला माहीत आहे?"

"हो."

"कधीपासून?"

"कालपासून."

"काल मी त्याला म्हटलं, गणपतीला घरी जाऊ. हो म्हणाला." त्या उठल्या. "मी आत जाऊन काय बोलू रे आता?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पहिल्या दाराआड गेल्या. मास्क लावायची गरज उरली नव्हती, पण हात मात्र त्यांनी नेहमीसारखेच कोपरापर्यंत धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून. मग आत गेल्या. कुंडी खिडकीत ठेवली, त्याच्या कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाल्या, "बघू तुझं ते पुस्तक. इतके दिवस नुसतं ऐकतेय."

मी नकाशा पुस्तकातून उलगडून त्याच्या पांघरुणावर पसरला. उचलून धरायची ताकद त्याच्यात नव्हती. त्यानं हात आडवा करून तो घडीवरून फिरवला, वरून खाली, सावकाश. किनाऱ्याला गुलाबी रंगाची कड होती, ती पुसट झालेली. मग त्यानं मला कागद नाकाजवळ धरायला सांगितलं. वास घेतला. खोकला आला. आम्ही तिघंही घाबरलो आणि मग घाबरण्यात काही अर्थ नाही हे तिघांच्याही एकदम लक्षात आलं.

काकूंनी डिरेक्टरी मांडीवर घेतली, चष्मा चढवला आणि वाचायला लागल्या. इंग्रजी त्या पाचवीच्या वर्गाला शिकवत असत, तशाच, प्रत्येक शब्द सुटा करून, खणखणीत. "ब्लॅक-स्मिथ."

"लोहार," तो म्हणाला.

"ते मला येतं. हे काय, सॅड-लर?"

"खोगीर शिवणारा."

"कू-पर?"

"लाकडी पिंपं करणारा."

"ड्रे-पर?"

"कापडवाला. आपल्या पेठेतला असतो तसा."

असं बराच वेळ चाललं. तो थकला की त्या थांबायच्या, तो बोटानं खूण करायचा, की पुन्हा पुढं. जळवा विकणारा आला तेव्हा त्या थबकल्या. "जळवा विकत घेतात? आपल्या ओढ्यात तर फुकट चिकटतात." तो हसला. मी त्याला त्यानंतर हसताना पाहिलं नाही.

पुढचे काही दिवस काकू रोज एकेका गावाचं पान वाचायच्या. शेवटी शेवटी तो अर्थ सांगत नव्हता, मग त्या स्वतःच आधी ऐकलेले अर्थ सांगायच्या. लोहार. कापडवाला. खोगीर शिवणारा. एका सकाळी त्या वाचत असतानाच तो गेला. मी तेव्हा ट्राममध्ये होतो. पोचलो तेव्हा पुस्तक मिटून टेबलावर ठेवलेलं होतं आणि त्या त्याच्या पायांना तेल चोळत होत्या.

त्याला देशात न्यायचं की नाही हे त्यांनीच ठरवलं. अंत्यविधीच्या कंपनीचा माणूस घरी आला, काळ्या सुटातला, मऊ आवाजाचा, त्यानं पेटी, विमान, कागदपत्रं सगळं सांगितलं. मी ते मराठीत आणत असताना त्या मध्येच म्हणाल्या, "नको. तिकडं नेऊन कुणाला दाखवू? इथंच करा." दाहाच्या दिवशी विद्यापीठातली आपली पोरं आली होती, दुकानवाल्या बाईही आल्या, त्याच शालीत. त्यांनी काकूंचे दोन्ही हात धरले आणि जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटल्या. काकू मराठीत म्हणाल्या, "हो ना हो." तिथं अग्नी द्यायचा म्हणजे बटण दाबायचं. ते काकूंनी दाबलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "एवढंच?"

अस्थी लगेच मिळत नाहीत. त्यांचे कागद होईपर्यंत काकूंना थांबावं लागलं. त्या त्याच्या खोलीत राहत, दोन्ही वेळचा स्वयंपाक करत, मी जेवल्याशिवाय उठत नसत. एकदा त्या म्हणाल्या, "ते बाकीचे नकाशे कुठं ठेवलेस? आण."

मी लॅबमधून खोकी आणली. त्याच्या पलंगावर एकेक पसरला. डरहॅम, यॉर्कशायर, कंबरलंड, वेस्टमोरलंड, लँकेशायर, डर्बी. त्या वाकून एकेक बघत होत्या.

"इथं सगळीकडं जाऊन आला होता तो?"

"नाही, काकू. इंग्लंडला तो कधीच गेला नव्हता."

"एकदाही नाही?"

"नाही. व्हिसा वेगळा लागतो. थीसिस झाला की जायचं म्हणत होतो."

त्यांचा चेहरा एकदम कडक झाला. "मग कशाला जमवले रे हे? न पाहिलेल्या गावांचे? तेवढा वेळ झोपला असता, नीट खाल्लं असतं. या कुबट कागदांनीच झालं नसेल कशावरून?"

मी म्हटलं, कागदानं हा आजार होत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय.

"डॉक्टरांनी बरंच काय काय सांगितलं," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. थोड्या वेळानं मी गेलो तर त्या पोळ्या लाटत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला नकोत ते. तुला हवे तर ठेव. नाहीतर त्या बाईला परत दे." कशाला जमवले, याचं उत्तर मी तेव्हा देऊ शकलो नाही. नंतर खूप विचार केला. आम्हाला आवडायचं, याहून मोठं उत्तर मला सापडलेलं नाही. ते त्यांना त्या दिवशी पुरलं नसतं.

त्यांना विमानतळावर सोडताना अस्थींचा डबा त्यांच्या मांडीवर होता. सुरक्षा तपासणीच्या माणसानं कागद वाचले, टोपी काढली आणि त्यांना रांगेबाहेरून पुढं नेलं. त्या वळून बघतील म्हणून मी थांबलो होतो. त्यांनी वळून पाहिलं नाही.

मी थीसिस कसाबसा पुरा केला आणि फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला नोकरी धरली. काचेच्या इमारती, एसबानचा, म्हणजे तिथल्या लोकलचा, प्रवास, दिवसभर कॉल. कार्ल्सरूहेची खोली सोडताना दुकानवाल्या बाईंकडे खोकी घेऊन गेलो होतो. त्यांनी घेतली नाहीत. म्हणाल्या, मी आता दुकान आवरतेय, माझ्यामागं हे सगळं कचऱ्याच्या कंटेनरमध्ये जाणार आहे, तुमच्याकडं असू दे. तेव्हापासून ती माझ्याकडेच आहेत. दक्षिणेकडचा एखादा नजरेस पडला तर मी अजून घेतो. उत्तरेकडचे त्यानं जेवढे जमवले तेवढेच आहेत. एकदा फ्रँकफर्टच्या जुन्या बाजारात चेशायरचा दिसला होता, त्याच्याकडे नव्हता तो. घड्या अस्सल होत्या. मी हातात धरून बराच वेळ उभा राहिलो आणि परत ठेवला. विकणाऱ्यानं विचारलं, काय बिनसलं? मी म्हटलं, काही नाही, हा माझा भाग नाही.

काकूंना मी महिन्यातून एकदा फोन करायचो. बोलण्यासारखं फार नसायचं. गुडघे, पाऊस, माझं लग्न. पुढं पुढं दोन फोनांमधलं अंतर वाढलं. गेल्या वर्षी हिवाळ्याच्या आधी मात्र त्यांचाच फोन आला. एरवी त्या स्वतःहून करत नसत.

"ऐक, ते नकाशे आहेत का तुझ्याकडं? का दिलेस?"

"आहेत, काकू."

"त्यातला एक पाठवशील?"

"कुठला पाठवू?"

"कुठलाही. त्याला आवडणारा. पण तो नको, हॉस्पिटलातला नको."

मी वेस्टमोरलंडचा निवडला. लहानशी, डोंगराळ काउंटी, रेल्वे जेमतेम एका कडेनं गेलेली. त्या पहिल्या खोक्यातून तो त्यानं स्वतः काढला होता. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पाठवला. मुंबईच्या कस्टममध्ये अडकला. दोनदा मला लिहून द्यावं लागलं की याला बाजारात काही किंमत नाही. अखेर पोचला. काकूंनी कळवलं नाही म्हणून मीच फोन केला.

"आलाय," त्या म्हणाल्या. "भिंतीवर नाही लावला. येणारे-जाणारे विचारतात, मग सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागतं. कपाटात ठेवलाय, साड्यांखाली."

"डांबराच्या गोळ्या नका ठेवू त्यात, काकू. कागदाला बऱ्या नसतात."

"काढल्यात. मला वाटलंच." मागं कपाटाचं दार कुरकुरलं. "अक्षर फार बारीक आहे रे त्याचं. दुपारी उन्हात धरून बघते, तरी अर्धी गावं लागत नाहीत. चष्म्याचा नंबर बदलायला झालाय."

"मग बदलून घ्या."

"घेईन. सोमवारी पेठेत जाणारच आहे," त्या म्हणाल्या आणि मला विचारलं, तुमच्याकडं थंडी सुरू झाली का.